कडू बदामाची खूण

३ मार्च, सोमवार

बारके,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकलं नसलंस, तर पुढे वाच. फोन करून थकले. तुझा नंबर कित्येक महिने बंद लागतो, म्हणजे तू तो बदललास किंवा माझ्यापुरता बंद केलास. सासरचा पत्ता आईच्या जुन्या डायरीत सापडला. आईला जाऊन दीड वर्ष झालं आणि तिचं कपाट मी आत्ता उघडलं, यावरून माझा कारभार ओळख.

आईच्या वेळी तू आली नाहीस. तेव्हा मी तुला लाखोली वाहिली होती. आता वाटतं, का आली नाहीस हे आधी विचारायला हवं होतं.

भांडण कशावरून झालं ते तुला आठवत असेलच, मला तर रोज आठवतं. अकरा वर्षांपूर्वी तू त्याचा रुमाल घेऊन आलीस आणि हौसेने म्हणालीस, "ताई, सांग ना, कसा माणूस आहे?" मी हुंगला आणि म्हटलं, नको करूस हे लग्न. तू कारण विचारलंस, तर मला एवढंच सांगता आलं की लोखंडी कुलूप घामट मुठीत खूप वेळ धरलं की हाताला येतो तसा वास आहे. तू म्हणालीस, "वासावरून माणसं नासवतेस तू." त्यानंतर बोलणं खुंटलं. लग्नाला मी आले नाही. आईने फोटो पुढे केले तेव्हा मान फिरवली. आजही तुझा नवरा समोर उभा राहिला तर चेहऱ्याने मला ओळखता यायचा नाही. वासाने मात्र शंभरांतून काढीन.

माझं बरं चाललंय. घड्याळजींच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्यात. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसतं, मागच्या खोलीत बाटल्या आणि मी. कुणी गुलाब-मोगरा मागायला आलं तर त्याला मी सरळ बाजाराचा रस्ता दाखवते. मी फुलांची अत्तरं करत नाही, खोल्यांची करते. मागच्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांना त्यांची शिक्षकांची खोली करून दिली: खडू, शाई, ओल्या छत्र्या आणि टेबलावर गार झालेला चहा. मास्तरांनी बूच उघडलं आणि डोळे पुसत बसले. माणूस वापरलेला कपडा घेऊन येतो, त्यात मुरलेले वास मी एकेक करून वहीत उतरवते, त्याला मोठ्याने वाचून दाखवते, त्याने मान डोलावली की मगच काम सुरू. या धंद्यात मला ओळखतात ते या वाचनासाठी.

नाक बाबांनी दिलं, हे मी सगळ्यांना सांगते. ते साबणाच्या कारखान्यात होते, तिथून खिशात तुकडे आणायचे आणि आपण दोघी ते ओल्या हाताने दाबून एक वडी करायचो. तुझ्या अंगावर पुरळ उठायचं म्हणून त्यांनी तुझ्यासाठी डांबर आणि लवंगेचा वेगळा साबण केला होता. वर्गातल्या मुली तुला दवाखाना म्हणायच्या. कारखान्यातल्या सगळ्यात स्वस्त साबणात कडू बदामाचा वास असायचा आणि बाबांच्या शर्टाला तोच. म्हणून माझ्या प्रत्येक बाटलीत शेवटी मी कडू बदामाचा एक थेंब टाकते. गिऱ्हाइकाला तो कळत नाही. मला मात्र बाटली माझी आहे की नाही ते लगेच कळतं.

एकदा ये. चिठ्ठी नको, फोन नको. दाराबाहेर नुसती येऊन उभी राहिलीस तरी मला वासाने कळेल आणि मी दार उघडीन.

तुझी,
ताई


१९ मार्च, बुधवार

बारके,

पाकीट परत आलं नाही, म्हणजे तुझ्या हाती पडलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, मी लिहीत राहणार. माझा चिवटपणा तुला नवा नाही.

तुला हसायला एक गोष्ट. गेल्या शुक्रवारी एक गिऱ्हाईक आलं, त्याला वासच नाही. खरंच नाही. साबण नाही, तेल नाही, घाम नाही, तंबाखू नाही. शर्ट कोरा करकरीत, बहुधा दुकानातून काढून तसाच अंगात घातलेला. मी इतकी वर्षं माणसं हुंगतेय, पण इतका घासूनपुसून आलेला माणूस पाहिला नव्हता. मनातल्या मनात मी त्याचं नाव कोरोबा ठेवलं.

बोलायला अगदी मऊ. बायको वारली म्हणाला. "शेवटचे महिने ती माझ्यापासून लांब होती हो. आजारीच होती. कुठल्या खोलीत राहायची, खिडकीतून काय दिसायचं, मला काही ठाऊक नाही. तिचा हा स्कार्फ तेवढा आला माझ्याकडे." पिशवीतून त्याने स्कार्फ काढला तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून. "वास जाऊ नये म्हणून," म्हणाला. एवढी समज सहसा कुणाला नसते. गिऱ्हाइकं कपडे धुऊन आणतात आणि मग माझ्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात.

त्याला बायकोचा वास नकोय, ती राहायची ती खोली हवीय. माझंच काम हे. मी लगेच हो म्हटलं. स्कार्फ आता काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवलाय. सकाळी चूळ भरून, काही खायच्या आधी, बरणीचं झाकण चार बोटं सरकवायचं आणि तीन श्वास घ्यायचे. चौथा घ्यायचा नाही, नाक खोटं बोलायला लागतं. हे बाबांनीच शिकवलेलं.

जाताना त्याने जिन्यात थांबून विचारलं, "तुम्हाला भावंडं?" मी म्हटलं, एक बहीण आहे, रुसलीय. तो म्हणाला, "येईल हो, बहिणी येतात." का कोण जाणे, त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावली.

ताई


२ एप्रिल, बुधवार

बारके,

आज कोरोबाला पहिलं वाचन दिलं. स्कार्फात खोलीचे तीन वास आहेत. पहिला राळेचा, म्हणजे तंतुवाद्याच्या गजाला चोळतात ती. दुसरा लाखेच्या पॉलिशचा. हे दोन एकत्र म्हटल्यावर दुसरं काय असणार? व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. आणि वास कापडाच्या खालच्या कडेला जास्त, म्हणजे खालून वर आलेला. बाई दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. मी हे सांगितलं तेव्हा त्याने खिशातून लहानशी डायरी काढून लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. माझं वाचन सहसा कुणी लिहून घेत नाही.

कापडाच्या आतल्या बाजूला, मानेला लागते तिथे, डांबर आणि लवंगेचा औषधी साबण आहे. हसशील, पण बरणी उघडल्यावर क्षणभर वाटलं बाबा मोरीत उभे राहून तुझं डोकं धुताहेत. मग मी मलाच समजावलं की आजारी बाई होती, दवाखान्यात असे साबण देतात. वहीत तसंच लिहिलं. त्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "हो, दवाखान्यातलाच असणार." जरा लगबगीने म्हणाला.

तिसरा वास मात्र हाती लागत नाहीये. आहे, पण इतका पुसट की श्वास घेतला की निसटतो. कोरोबा त्यासाठी दिवसाआड येतो. बसत नाही, दारात उभा राहून विचारतो, "तिसरा कळला का?" परवा म्हणाला, "माझ्या बाटलीत तुमचा तो कडू बदाम टाकाल ना?" मी हो म्हटलं. तो गेल्यावर आठवायला लागले, की मी त्याला हे कधी सांगितलं? गिऱ्हाइकाला मी ते कधीच सांगत नाही. पण माझ्या तोंडाला खीळ नाही हे आई नेहमी म्हणायची, निघालं असेल बोलण्याच्या भरात.

तू उत्तर पाठव गं. एक ओळ पाठव. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई


१० एप्रिल, गुरुवार

बारके,

तिसरा वास सापडला, आणि तो सापडला माझ्या विसराळूपणामुळे. सकाळी अंडं उकडायला ठेवलं आणि बरणीपाशी जाऊन बसले. पाणी आटून अंडं तडकलं, घरभर वास सुटला, आणि मी हातातला स्कार्फ घेऊन तशीच उभी राहिले. गंधक! पण कारखान्यातलं कोरडं गंधक नव्हे, वाफेतलं. गरम पाण्याचे झरे असतात, तिथे लोक अंग शेकायला जातात, त्या पाण्याचा वास. रोज त्या वाफेत कपडे वाळत घातले तरच इतका मुरतो.

कोरोबा आला तशी मी नाचतच सांगितलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला माझी हुशारी दाखवायची होती ना. मी म्हटलं, "अशी झऱ्यांची गावं आहेतच किती? चार, फार तर पाच. आणि त्यात व्हायोलिनवाला एखाद्याच गावात असणार. तुम्हाला प्रत्यक्ष जाऊन ती खोली बघतासुद्धा येईल." त्याने डायरी मिटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मी हेच ऐकायला आलो होतो."

बाटली पुढच्या आठवड्यात देईन म्हटलं. तो गेला आणि मी खिडकीत उभी राहिले. खाली घड्याळजींच्या दुकानापाशी तो बराच वेळ फोनवर काहीतरी शोधत होता. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. बायको वारलेल्या माणसाने हसावं असं मी काय सांगितलं, हा विचार काही डोक्यातून जाईना.

ताई


१५ एप्रिल, मंगळवार
(मावशीच्या हाती)

बारके,

हे पत्र मावशी स्वतः तुझ्या हातात देईल. तुझ्या सासरच्या पत्त्यावर मी आता काही पाठवणार नाही.

काल संध्याकाळी मावशीचा फोन आला. एवढ्या वर्षांत तिने स्वतःहून फोन केला नव्हता. मी सहज म्हटलं, बारकीला चार पत्रं टाकली, एकाला उत्तर नाही. ती म्हणाली, "कुठे टाकलीस?" मी पत्ता सांगितला. तिचा आवाज एकदम चढला.

"अगं, ती त्या घरातून निघून सात महिने झाले. तो तिला बाहेरून कडी लावून कामावर जायचा. आईच्या वेळीसुद्धा त्यानेच येऊ दिलं नाही. मला एकटीला सांगून निघाली ती. तुला सांगू नको म्हणाली."

"का?"

"ताईच्या पोटात काही राहत नाही म्हणाली. काय चुकलं तिचं?"

काहीच चुकलं नाही तुझं. मी विचारलं, तू कुठे असतेस. मावशी सांगेना. मग मीच म्हटलं, व्हायोलिनवाल्याच्या वर, गरम झऱ्यांच्या गावात. मावशी फोनवरच रडायला लागली. म्हणाली, कुणी सांगितलं तुला? मी सांगितलं की तुझ्या स्कार्फाने सांगितलं, आणि मी ते त्याला वाचून दाखवलं.

मावशीने सांगितलं, तू मागाहून त्याच्या घराच्या किल्ल्या स्कार्फात बांधून ओळखीच्या माणसाच्या हाती परत पाठवल्यास. टपालाचा शिक्का नको, पत्ता कळायला नको, म्हणून एवढी काळजी घेतलीस. तुला काय माहीत की तुझी बहीण शिक्क्याशिवायही गाव वाचते. त्याला मात्र माहीत होतं, कारण मीच त्याला तसं लिहिलं होतं. माझं पहिलं पत्र त्याने फोडलं आणि अकरा दिवसांत तो माझ्या दारात उभा राहिला, अंग घासून, नवा शर्ट घालून. मी चेहऱ्याने ओळखणार नाही आणि वासाने ओळखीन, हेसुद्धा मीच कळवलं होतं. बाबांच्या साबणाचा वास आल्यावर माझं नाक ओरडून सांगत होतं. मी वहीत दवाखाना लिहिलं.

मावशी म्हणते, गेल्या शनिवारी दुपारी तुझ्या खालच्या दुकानात फोन आला होता, वरची खोली भाड्याने आहे का म्हणून. तुझ्या मालकांनी नाही म्हणून ठेवून दिला. फोन त्याचाच होता. येत्या शनिवारी वकीलबाईंकडे त्याच्याविरुद्धच्या तक्रारीवर तुझी सही झाल्याशिवाय तुला गाव सोडता येत नाही, आणि रविवारी सकाळी नवाच्या गाडीने तू निघणार. म्हणजे तोवर त्याला तिथे पोचू द्यायचं नाही. एवढं एकच काम माझ्यापुढे आहे आणि ते मी करणार.

आत्ताच त्याला फोन केला. आवाज होता तसाच ठेवला. म्हटलं, "बाटली लवकर तयार झाली, उद्याच या." तो गोड बोलून हो म्हणाला.

माफी मागायला तोंड नाही. आधी तू गाडीत बस, मग मागेन.

ताई


२० एप्रिल, रविवार, सकाळ

बारके,

मावशीचा निरोप आला, नवाची गाडी सुटली आणि तू खिडकीशी बसलीस. आता बुधवारचं सांगते.

तो आला तेव्हा टेबलावर मी एक अर्धवट पत्र उघडं टाकलं होतं. तुला लिहिलेलं, वर "बारके" असं ठळक. त्यात लिहिलं होतं: "तुझा फोन आला आणि मी दिवसभर रडले. ती खोली सोडून मैत्रिणीकडे गेलीस ते बरं केलंस. रविवारी अकराला ये, कायमची ये. मी दुकान बंद ठेवीन, आपण दोघीच असू." मग मी म्हटलं, "बसा, बाटलीला लेबल लावून आणते," आणि मागच्या खोलीत जाऊन शंभरपर्यंत आकडे मोजले. बाहेर कागद सरकल्याचा आवाज आला.

बाटली दिली. त्याने तिथेच बूच काढून मनगटाला लावलं आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "तिच्यासारखा येतो का?" मी मान डोलावली. बायको वारली हे सोंग त्याने सोडलं नाही, मीही सोडलं नाही. "आता मी हेच लावणार," म्हणाला. कुठे जाणार विचारलं, तर म्हणाला, "जायचं होतं बाहेरगावी. आता नाही जात. रविवारनंतर बघू."

तो गेल्यावर मी ते पत्र उचलून हुंगलं. कडेला, जिथे अंगठा टेकला होता, तिथे वास होता. लोखंडी कुलूप आणि घामट मूठ. नुसत्या पाण्याने किती धुणार? अकरा वर्षांनी तोच वास माझ्या हातात होता, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. मला राग आला. त्याचा आला आणि त्याहून जास्त माझा आला, की मला त्या दिवशी कळलं होतं आणि मी रुसून घरी बसले. फोटो बघितला असता तर त्याला दारातच ओळखलं असतं. तुला भेटायला आले असते तर मागचं काहीच घडलं नसतं.

काल संध्याकाळी पोलीस चौकीत गेले होते. हवालदारबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तुझ्या वकीलबाईंना फोन केला आणि म्हणाल्या, "तक्रारीवर सही झाली ना, मग तो आला की आमचा आहे. साडेदहाला येऊन मागच्या खोलीत बसते. तुमच्या अत्तरांनी शिंका येतील मला, तेवढं चालवून घ्या." मी म्हटलं, खुशाल शिंका, पण हळू. घड्याळजी खाली आहेत. ऐकायला कमी येतं त्यांना, म्हणून ठरवलंय की मी जमिनीवर तीनदा पाय आपटायचा, त्यांच्या छतावरची धूळ पडली की त्यांनी समोरच्या चौकीत धावायचं. सत्तरीचे आहेत, पण धावेन म्हणालेत. हे पत्रही तेच मावशीकडे पोचवतील.

आत्ता दहाला दहा कमी आहेत. दाराला कडी लावलीय, अडसर घातलाय. खिडकीतून रस्ता दिसतो. रविवार म्हणून दुकानं बंद आहेत, समोर एक बाई गाडी पुसतेय, बाकी कुणी नाही. बाबांच्या साबणाची एक वडी मी काल करून ठेवली. आल्यावर तुला देईन. लवंग थोडी जास्त पडलीय, नावं ठेवू नकोस.

बारके, थांब.

जिन्यातून वास येतोय. राळ, लाख, गंधकाची वाफ. डांबर आणि लवंग. तुझी खोली जिना चढून येतेय. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा. क्षणभर सगळं विसरले आणि वाटलं, गाडी चुकवून माझी वेडी बहीण इकडे आली. पावलं दारापाशी थांबली. कुणी कडी वाजवत नाही, बोलत नाही. नुसतं उभं आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं तसं, शब्दाला शब्द.

तू अकराला यायच्या आधीच त्याला आत शिरायचंय, आणि त्याला वाटतंय की मी वासाने तुला ओळखीन आणि दार उघडीन.

तीनच श्वास घ्यायचे असतात. तीन घेतले. पहिल्यात राळ होती. दुसऱ्यात तुझा साबण. तिसऱ्यात, सगळ्याच्या तळाशी, बाबांचा शर्ट. कडू बदाम.

खूण आहे. म्हणजे ही माझी बाटली आहे आणि दाराबाहेर तो आहे. तू गाडीत आहेस, दूर आहेस, आणि तो इथे आहे.

आता पाय आपटते.